बाबांची साठ मिनिटांची टेप

या महिन्याच्या पत्रांत चार पत्रं अशी निघाली की चौघांनी एकत्र बसून लिहावीत. चारही एकाच रेकॉर्डविषयी: क्वीन या ब्रिटिश रॉक गटाचा पहिला 'ग्रेटेस्ट हिट्स', १९८१ सालचा. फोर्टमधल्या एका दुकानात मी एकवीस वर्षं काउंटरला होते. सकाळी शटर वर गेलं की आदल्या दिवशी गिऱ्हाइकांनी वर-खाली केलेल्या रेकॉर्डी पुन्हा जागच्या जागी लावायच्या, हे पहिलं काम. हा अल्बम कधीच जागेवर सापडायचा नाही. कुणीतरी तो हातात घेतलेला असायचा, दोन्ही बाजू वाचलेल्या असायच्या, आणि पैसे पुरत नाहीत म्हणून भलत्याच कप्प्यात लपवून ठेवलेला असायचा, पुढच्या पगारापर्यंत. मला या रेकॉर्डविषयी माया आहे, ती अशी. बाकीची पत्रं पुढच्या महिन्यात घेते.

नमस्कार ताई. चोर बाजारातून मी क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' घेतला, जुनी एलपी. ओरखडे नाहीत. पण माझ्या दुसऱ्या रेकॉर्डींपेक्षा आवाज बारीक येतो, आणि प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं जरा फाटल्यासारखं वाटतं. विकणाऱ्याने नकली माल दिला का? (एक निवृत्त काका, विलेपार्ले)

नाही काका, तुम्ही फसला नाहीत. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघा. गाण्यांच्या मधल्या चकचकीत पट्ट्या सोडल्या, तर खाचा अगदी दाटीवाटीने बसलेल्या दिसतील. या एलपीवर १७ गाणी आहेत, पहिल्या बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला नऊ, आणि दोन्ही बाजू जवळजवळ २९ मिनिटांच्या. रॉकच्या एलपीची एक बाजू साधारण अठरा ते बावीस मिनिटांची असते. म्हणजे तुमच्या रेकॉर्डवर तेवढ्याच जागेत निम्म्याने जास्त संगीत कोंबलेलं आहे.

एका बाजूला खाच एकच असते, बाहेरून आत गुंडाळत जाणारी. आवाज मोठा असला, विशेषतः बास, म्हणजे खालचे जड सूर, भारी असला, की ती डावी-उजवीकडे जास्त झोके घेते आणि तिला जास्त रुंद जागा लागते. जागा नसेल तर खाच कापणारा माणूस आवाजच कमी ठेवतो, नाहीतर शेजारची खाच फोडून निघेल. म्हणून आवाज बारीक. तुम्ही खुशाल बटण वर करा. मात्र बटण वर केलं की धुळीची करकरही वर येते, तेव्हा आधी रेकॉर्ड पुसा: डिस्टिल्ड पाणी, मऊ सुती फडकं, खाचेच्या दिशेने गोल, आणि मधलं लेबल कोरडं.

शेवटच्या गाण्याचं म्हणाल तर तबकडी त्याच वेगाने फिरते, पण आतला वर्तुळाचा घेर लहान असतो. एका सेकंदाचं संगीत बाहेरच्यापेक्षा निम्म्या लांबीत बसवावं लागतं. सुई जुनी असली तर ती तिथे अडखळते. पहिल्या बाजूला 'सेव्ह मी' आणि दुसऱ्या बाजूला 'वुई आर द चॅम्पियन्स' आतल्या घेरात आलेत. सुई बदला. रेकॉर्ड ठेवा.

मॅडम, मी ठाण्याला इंजिनिअरिंगला आहे. आमच्या ग्रुपमध्ये म्हणतात की ग्रेटेस्ट हिट्स ऐकणारा खरा श्रोता नाही, ते कंपन्यांनी जुना माल पुन्हा विकायला काढलेलं असतं. मला क्वीन याच अल्बममुळे आवडायला लागलं. मी चुकतोय का? (एक विद्यार्थी)

तुझ्या मित्रांचं निम्मं खरं आहे, ते आधी सांगते. ईगल्स या अमेरिकन गटाचा पहिला संग्रह फेब्रुवारी १९७६ मध्ये आला. चार अल्बममधली दहा गाणी. गटातले लोक त्यावर नाराज होते. त्यांचा 'डेस्पराडो' हा अल्बम एका सूत्रात ओवलेला होता, त्यातली दोन गाणी उपटून इथे लावली होती. त्यांचा राग मला समजतो. आणि तरी अमेरिकेत प्लॅटिनमचा, म्हणजे दहा लाख प्रतींचा, शिक्का मिळालेला पहिला अल्बम तोच, आणि २०१८ साली त्याची मोजणी ३ कोटी ८० लाखांवर गेली. लोकांनी तो घेतला, कारण त्यांना ती दहा गाणी घरात हवी होती. कंपनीचा हेतू आणि ऐकणाऱ्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्यासारखी काउंटरपलीकडची माणसं दोन्ही रोज पाहायची.

तुझ्या मित्रांकडे आज फोनवर सगळं आहे. आमच्याकडे येणारा मुलगा गिरगावातून किंवा लालबागमधून यायचा, शिकवणीचे नाहीतर पहिल्या नोकरीचे पैसे घेऊन, आणि दोन-तीन महिन्यांत एकच रेकॉर्ड घ्यायचा. १९८१ पर्यंत क्वीनचे नऊ अल्बम झाले होते. 'यातला कुठला घेऊ?' असं तो विचारायचा. मी त्याच्या हातात हा द्यायचे, आणि आज कुणी विचारलं तरी हाच देईन. आपल्याकडे कवींच्या 'निवडक' संग्रहांना कुणी फसवणूक म्हणत नाही. शाळेतला मुलगा निवडक कवितांतूनच कवीपर्यंत जातो, आणि ज्याला ओढ लागते तो मग मूळ संग्रह शोधत ग्रंथालयात चकरा मारतो.

आणि दुसरी गोष्ट मित्रांना जरूर सांग. गाणी आधीची असली तरी क्रम नवा असतो. या अल्बमचा क्रम सालवारीने लावलेला नाही, आणि ज्याने लावला त्याचा कान पक्का होता. सगळ्यांत मोठं गाणं कुणीही शेवटी राखून ठेवलं असतं. इथे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पहिलंच. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, पियानो, ऑपेरा, भांडण, गिटार, आणि शेवटी अगदी श्वासासारखा गाँगचा, म्हणजे मोठ्या थाळीसारख्या घंटेचा, आवाज. त्यानंतर दोन क्षण शांतता, आणि मग नुसता बास. 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. भरगच्च देवघरातून एकदम मोकळ्या गच्चीवर आल्यासारखं. कुणी मुद्दाम हे दोन शेजारी ठेवल्याशिवाय असं होत नाही. पहिली बाजू 'सेव्ह मी'वर संपते, मन जड होतं, उठून रेकॉर्ड उलटायची, आणि दुसऱ्या बाजूला 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'चं हलकं गिटार. हे गाणं क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला जर्मनीत म्युनिकच्या हॉटेलात आंघोळीच्या टबात सुचलं होतं, आणि ते तसंच ऐकू येतं, ओल्या केसांनी म्हटल्यासारखं.

आजही कुठे 'डोंट स्टॉप मी नाऊ' संपलं की माझ्या कानात 'सेव्ह मी'चा पियानो आपोआप सुरू होतो. मूळ अल्बममध्ये ही दोन गाणी एकमेकांच्या जवळपासही नाहीत. एक १९७८ च्या 'जॅझ'मधलं, दुसरं १९८० च्या 'द गेम'मधलं. ती शेजारी आली ती या संग्रहात, आणि ज्यांनी हा संग्रह झिजेपर्यंत वाजवला त्यांच्या डोक्यात ती कायमची शेजारी राहिली.

आता या संग्रहाचा खरा दोष सांगते, तो तुझ्या मित्रांनी काढलेल्या दोषापेक्षा मोठा आहे. या १७ गाण्यांपैकी दहा फ्रेडीची, पाच गिटारवादक ब्रायन मेची, दोन बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनची. ड्रमर रॉजर टेलरचं एकही नाही. चौघेही गाणी लिहिणारे, प्रत्येक अल्बमवर रॉजरचंही काही ना काही, आणि इथे त्याच्या नावासमोर शून्य. त्याचं 'रेडिओ गा गा' पुढे १९८४ मध्ये आलं आणि १९९१ च्या दुसऱ्या संग्रहात त्याला जागा मिळाली. नुसता हा पहिला संग्रह ऐकणाऱ्याला क्वीन हा एका गायकाचा गट वाटतो. तसा तो नव्हता. शिवाय १९७३ च्या त्यांच्या अगदी पहिल्या अल्बममधलं इथे काहीच नाही, इथलं सर्वांत जुनं गाणं म्हणजे दुसऱ्या अल्बममधलं 'सेव्हन सीज ऑफ राय'. हिट्स म्हणजे विक्रीच्या यादीत चढलेली गाणी, आणि पहिल्या वर्षी त्यांचं काही चढलंच नव्हतं. न चढलेलं चांगलं संगीत अशा संग्रहात मागे राहतं, ते शोधायला मात्र तुला स्वतःच जावं लागेल. १९७४ चा 'शीअर हार्ट अटॅक' घे. 'किलर क्वीन' तुला येतंच, ते ओळखीचं गाणं धरून आत शिर आणि सलग शेवटपर्यंत ऐक, मध्ये फोनला हात लावू नकोस.

म्हणजे तू चुकत नाहीयेस. हा अल्बम ब्रिटनमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे. २०१४ मध्ये ६० लाखांचा टप्पा ओलांडणारा तिथला तो पहिला, आणि २०२२ मध्ये तो ७० लाखांवर गेला. त्यातले बहुतेक तुझ्यासारखेच आत आले असणार.

फ्रेडी मर्क्युरी आपल्या मुंबईचा होता असं कुणी म्हणतं, कुणी पाचगणीचा म्हणतं. नक्की काय? (एक वाचक, दादर)

जन्म झांझिबारचा, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या बेटावरचा, ५ सप्टेंबर १९४६. पारशी घर, नाव फारुख बलसारा. आडनाव बलसाडवरून आलेलं, ज्याला आज आपण वलसाड म्हणतो. लहानपणी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं, तिथे तो पियानो शिकला आणि शाळेतल्या मुलांच्या 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये वाजवायचा. मुंबईत त्याचे नातेवाईक होते, सुट्टीत तो इकडे यायचा. १९६४ मध्ये सगळं कुटुंब इंग्लंडला गेलं. म्हणजे आपला म्हणा, पण झांझिबारचा हक्क आधी. मला स्वतःला इतकंच महत्त्वाचं वाटतं की तो ज्या पियानोमुळे ओळखला गेला, त्याची पहिली बोटं सह्याद्रीच्या थंडीत बसली.

ताई, माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. मागच्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात एक कॅसेट सापडली, सी-६०, कार्डावर निळ्या शाईत 'क्वीन - ग्रेटेस्ट हिट्स, १९८३' आणि खाली सतराही गाणी नंबर घालून. कोपऱ्यात '२९ + २९' असं लिहिलंय. मित्राच्या रेकॉर्डवरून त्यांनी भरून घेतली असावी. भावाकडचा जुना कॅसेट डेक दुरुस्त करून आम्ही ती ऐकली. सगळी गाणी आहेत, पण शेवटचं 'वुई आर द चॅम्पियन्स' शेवटाला कापलं गेलंय. शेवटचे शब्द येतच नाहीत. क्रिकेटच्या मॅचनंतर टीव्हीवर लावतात त्यात असतात. बाबा कुठलंही काम अर्धवट ठेवत नसत, म्हणून फार चुटपुट लागली. टेप कमी पडली का? अमेरिकेतल्या मामेभावाकडची एलपी पाहिली तर त्यात गाणीच वेगळी आहेत, मग बाबांची यादी खरी की खोटी? भाऊ म्हणतो फोनवर सगळं आहे, टेप कशाला हवी. ती जपायची असेल तर काय करू? (एक वाचक, माहीम)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि लगेच उठून माझी स्वतःची रेकॉर्ड लावली, खात्री असूनही.

तुमच्या बाबांनी काहीही अर्धवट ठेवलेलं नाही. ते गाणं तिथेच संपतं.

आधीच्या धृपदांच्या शेवटी शीर्षकाची ओळ येते आणि तिच्यापुढे 'जगाचे' असा अर्थ पुरा करणारे शब्द येतात. कानाला त्याची सवय लागते. मग शेवटच्या धृपदाला फ्रेडी शीर्षकाची ओळ म्हणतो, सूर वर धरतो, आणि थांबतो. ते पुढचे शब्द स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या गाण्यात शेवटी नाहीतच. १९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'मध्ये नाहीत, १९८१ च्या या संग्रहात नाहीत. कार्यक्रमात मात्र तो ते म्हणायचा. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये 'लाइव्ह एड' हा मदतनिधीसाठीचा मोठा संगीत कार्यक्रम झाला, तिथे क्वीनने याच गाण्याने शेवट केला आणि फ्रेडीने ते शब्द लांबवून म्हटले. जगभर टीव्हीवर ते दिसलं, पुढे हजारदा दाखवलं गेलं. मॅचनंतर मैदानातली माणसं स्वतःच ते शब्द जोडून गातात. म्हणून आपल्या सगळ्यांना ते मूळ गाण्यातही शेवटी आहेत असं वाटतं. दुकानात कॅसेट परत आणून देणारे येत. 'शेवट कापलाय, बदलून द्या.' मी त्यांना समोर बसवून एलपी लावून दाखवायचे. काहींना तरी पटायचं नाही. तुम्ही आज रात्री भावाच्या फोनवर हा अल्बम लावा, सतरावं गाणं शेवटपर्यंत ऐका. फोनवरही ते तिथेच थांबेल.

आता कोपऱ्यातलं '२९ + २९'. मला ते वाचून भरून आलं. काकांच्या पत्राला उत्तर देताना वर लिहिलं तेच: या एलपीच्या दोन्ही बाजू जवळजवळ २९ मिनिटांच्या. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. त्या काळी बहुतेक लोक सी-९० घ्यायचे, एका बाजूला एक पूर्ण अल्बम आणि उरलेल्या जागेत इकडचं-तिकडचं. तुमच्या बाबांनी आधी रेकॉर्ड ऐकून वेळ मोजली आणि मग तिच्या मापाची टेप आणली. पहिली बाजू पहिल्या बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला, रेकॉर्ड उलटायची तिथेच टेप उलटायची. फिटर माणसाने जसा बोल्टला नट बसवावा तसं. शिवाय सी-६० ची पट्टी सी-९० पेक्षा जाड असते, ती कमी ताणली जाते, म्हणून चाळीस वर्षांनी तुम्हाला सगळी गाणी नीट ऐकू आली. हेही त्यांना ठाऊक असावं असं मला वाटतं.

(फिटर होते म्हणून आणखी एक. ब्रायन मेने जी गिटार जन्मभर वाजवली ती त्याने पोरवयात वडिलांच्या मदतीने घरी बनवली होती. मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, आणि सूर हलवायच्या दांड्याच्या यंत्रणेत मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. हे बाबांना कुणी सांगितलं असेल तर त्यांनी ती टेप दुप्पट प्रेमाने भरली असणार.)

मामेभावाच्या एलपीचं कोडं सोपं आहे. हा संग्रह देशोदेशी वेगळा निघाला, जिथे जे गाणं गाजलं होतं ते घेऊन. अमेरिकेत 'अनदर वन बाइट्स द डस्ट' पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, तर तिथली एलपी त्यानेच सुरू होते, आणि गायक डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' त्यांनी घातलं, जे ब्रिटनच्या यादीत नाही. बाबांची सतरा गाण्यांची यादी ब्रिटनची, म्हणजे मूळची. दोन्ही खऱ्या. आज फोनवर सहसा मिळते ती बाबांचीच यादी, त्याच क्रमाने.

भावाला सांगा, फोनवर क्वीन आहे. बाबांनी मोजलेली बाजू फोनवर नाही.

जपायचं कसं ते सविस्तर सांगते, कारण मी एकदा चूक केली आहे. १९८४ च्या पावसाळ्यात माझी याच अल्बमची टेप घरच्या डेकने गिळली. डेकमधला चाकं फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला होता, ते माझ्या लक्षात आलं होतं, 'आज एवढं ऐकू, उद्या दुरुस्तीला देऊ' म्हटलं. 'समबडी टू लव्ह' चालू असताना आवाज एकदम गुरगुरला. झाकण उघडलं तर पट्टी रबराच्या चाकाभोवती गुंडाळलेली, चुण्या पडलेली. नखाने सोडवत सोडवत काढली, एका जागी तुटलीच. चुरगळलेला तुकडा कापून टाकला, टोकं तिरकी कापून चिकटपट्टीने जोडली, पेन्सिल घालून गुंडाळली. वाजली. पण त्या गाण्यातला एक सेकंद गेला तो गेला. पुढे सीडी घेतली, तरी त्या जागी माझा श्वास अजून अडकतो.

तेव्हा डेकचा पट्टा नवा आहे ना हे दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड (पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि बारीक लोखंडी दांडी पुसा, बोळा तपकिरी यायचा थांबेपर्यंत. रबराचं चाक वेगळ्या बोळ्याने. कॅसेट उघड्या बाजूने पाहा: मधोमध स्पंजचा किंवा फेल्टचा एक इवलासा तुकडा असतो, पट्टी हेडला दाबून धरणारा. जुन्या कॅसेटींचा गोंद सुकतो आणि तो तुकडा गळून पडतो. पडला असेल तर वाजवू नका, आधी नवा बसवून घ्या. माहीमला समुद्र जवळ, हवा दमट, म्हणून खिडकीशी जाऊन पट्टीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी आहे का पाहा. असेल तर ती चांगल्या डेकमध्ये घालूच नका, बुरशी हेडवरून दुसऱ्या टेपांना लागते.

बुरशी नसेल तर एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळा, हाताने गुंडाळलीत तर उत्तम. षटकोनी पेन्सिल कॅसेटच्या चाकाच्या दातांत बरोबर बसते. पट्टी साधारण नव्वद मीटर आहे, बोटं दुखतील, पण वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटून बसलेले वेढे असे हळू मोकळे होतात. मग एकदाच, सलग, कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आवाज 'स्वच्छ' करणारं काही लावू नका. पहिल्या गाण्याआधी रेकॉर्डवर सुई ठेवल्याचा ठक्क असा आवाज असेल. ती सुई बाबांनी किंवा त्यांच्या मित्राने ठेवलेली आहे. तो आवाज राहू द्या. कार्डाचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा. कॅसेटच्या वरच्या कडेला डावी-उजवीकडे दोन छोट्या प्लास्टिकच्या टिकल्या असतात, त्या अजून शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी त्यावर काही भरणार नाही. बहुतेक बाबांनी त्या मोडल्याच असतील.

उतरवताना आवाज जरा खालच्या पट्टीत, जड वाटला तर घाबरू नका. ज्या डेकवर भरली तो थोडा जलद चालत असला की योग्य वेगाच्या डेकवर गाणं खाली उतरतं. ते नंतर दुरुस्त करता येतं, पण मूळ प्रत तशीच ठेवा.

आणि एक काम माझ्यासाठी करा. दुसरी बाजू लावा आणि 'चॅम्पियन्स' संपल्यावर बटण दाबू नका. फ्रेडीचा सूर थांबेल, मग सुई रेकॉर्डच्या शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरल्याची खरखर येईल, मग कुणीतरी ती उचलेल, आणि त्यापुढे नुसती कोरी टेप सळसळत राहील. घड्याळ लावून ती मोजा, डेक खट्ट करून बंद होईपर्यंत. माझ्या हिशेबाने एका मिनिटाच्या आसपास भरेल. नक्की किती भरली ते मला कळवा.